आप्पांनी न वाचलेली कार्डं

मंडळी, आत्ताच आप्पांना मोठ्या पोस्टातून घरी आणलं आणि राहवेना म्हणून लिहितेय.

माझे वडील, आप्पा, इथल्या तमिळ मुलखात राजवाड्यामागच्या मराठी गल्ल्यांतले जुने पोस्टमन. घरी नुकतंच ब्रॉडबँड आलंय. इंटरनेट कंपन्या आपण काय बघतो ते न विचारता टिपून ठेवतात, असं त्यांनी पेपरात वाचलं. सरकारनं याला परवानगी दिलीय का, दिली असेल तर कागद दाखवा, असा माहिती अधिकाराचा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. केंद्र सरकारसाठीचे असे अर्ज मोठ्या पोस्टात घेतात, म्हणून आज तिथे गेलो.

काउंटरवरचा माणूस हसला. “सार, या वयात तुम्हाला लपवायला काय आहे?”

आप्पा धाकट्या भावाला म्हणावं तसं म्हणाले, “तंबी, आमच्या गल्लीत देवनागरी मला एकट्यालाच वाचता यायचं. पुण्याहून येणारी पोस्टकार्डं लोक माझ्याकडूनच वाचून घ्यायचे. कार्ड उघडंच असतं की. तरी घरच्यांनी ‘वाचा’ म्हणेपर्यंत मी मजकुरावर नजर टाकली नाही. या कंपन्यांना विचारायला काय होतं?”

तो उभा राहिला आणि पोचपावती दोन्ही हातांनी दिली.

सरकारचं उत्तर येईल तेव्हा येईल. तुम्ही सांगा, तुमची पत्रं आता ज्याच्या हातातून जातात, त्यानं तुम्हाला कधी विचारलंय?