लाल दिवा आणि निवळीचे बांगडे

भिकाजी मिरकरवाड्यातून सावर्ड्याच्या बाजाराला मासळी नेणारा टेंपो चालवायचा. माणूस हसतमुख, पण एका बाबतीत भलताच धास्तावलेला. डॅशबोर्डवर इंजिनाच्या तेलाचा लाल दिवा लागला की तो असेल तिथे गाडी उभी करायचा. तरुणपणी तो एका लाँचवर खलाशी होता. तेल कमी झाल्याची खूण तिथे कुणी मनावर घेतली नाही आणि भर समुद्रात इंजीन जाम झालं. दुसऱ्या लाँचने ओढून आणेपर्यंत सगळे नुसते हेलकावत राहिले. किनाऱ्याला पाय लागताच भिकाजीने समुद्राला रामराम ठोकला आणि ड्रायव्हिंग शिकला.

त्र्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर हा दिवा उगाचच लागायला लागला. टेंपोही म्हातारा झालेला. इंजीन सुरू झालं की दिवा विझायला हवा, तो विझायचा नाही. विझलाच तर पुढच्या खड्ड्यात परत पेटायचा. प्रत्येक वेळी भिकाजी गाडी थांबवून तेल मोजायची पट्टी काढून बघायचा. तेल खुणेला बरोबर. शहरातल्या गॅरेजवाल्याने सोपा इलाज सांगितला, बल्बच काढून टाक.

"कुत्रा उगाच भुंकतो म्हणून त्याला मारून टाकायचा काय?" एवढं बोलून भिकाजी तिथून निघून आला.

एके दिवशी सकाळी वाटेतल्या निवळी गावाजवळ दिवा लागला तो विझेचना. भिकाजीने टेंपो आंब्याच्या सावलीला घेतला. मागे बांगड्यांच्या पाट्या आणि त्यांच्या मालकिणी, सगुणाबाय आणि तिची सून कमळा. आज बाजार चुकणार हे दिसत होतंच. सगुणाबाय जरा कुरकुरली, बर्फ पाण्यावर आलाय म्हणाली. पण भिकाजीचं डोकं बॉनेटमध्ये गेलेलं बघून तिने पदर खोचला, एक पाटी खाली उतरवली आणि रस्त्याकडेलाच दुकान मांडलं. वाडीतल्या बायका ताजी मासळी दारात आली म्हणून टोप घेऊन धावल्या.

इकडे भिकाजीने कमळाला पुढच्या सीटवर बसवून दिव्यावर नजर ठेवायला सांगितलं. इंजिनाच्या अंगाला तेलाचा दाब ओळखणारं एक बटण असतं. तिथून दिव्याकडे वायर जाते. इंजीन चालू ठेवूनच त्याने ती वायर बटणापासून सोडवली. बटण बिघडलं असेल तर आता दिवा विझायला हवा होता.

"हाय तसाच हाय," कमळा म्हणाली.

म्हणजे दोष बटणात नव्हता, वायरीतच होता. कुठेतरी ती लोखंडाला टेकत होती. भिकाजी वायर चिमटीत धरून इंच इंच पुढे सरकत राहिला. एका लोखंडी पट्टीमागून वायर जराशी उचलली, तशी कमळा ओरडली, "गेला वो!" सोडली, तर परत आला. तिथे घासून घासून वायरीचं वरचं रबर निघालेलं, आतली तांब्याची तार उघडी. भिकाजी त्या तारेकडे बघत इतका वेळ हसत राहिला की कमळाला वाटलं, याला ऊन लागलं.

सगुणाबायने पाटी बांधायची सायकलच्या ट्यूबची पट्टी काढून दिली. भिकाजीने इंजीन बंद केलं, ती वायरीवर घट्ट गुंडाळली, वायर लोखंडापासून दूर बांधली, टोक बटणाला पुन्हा जोडलं. चावी फिरवली, दिवा लागला. इंजीन सुरू झालं, दिवा विझला. त्याने इंजीन बंद करून तेच पुन्हा केलं, मग सगुणाबायला बोलावून तिलाही दाखवलं.

"बघितला रे बाबा," ती म्हणाली, "पण आता दुसरी पाटी उतरव. गिऱ्हाईक खोळंबलंय."

सगळे बांगडे निवळीतच खपले, तरी दिवा परत लागतो का ते बघायला भिकाजीने टेंपो पुढे नेलाच. त्या दिवशी सावर्ड्याला जाऊन पोचल्या त्या फक्त रिकाम्या पाट्या. पुढे टेंपो निवळीला रोजच थांबू लागला, आणि मासळी उतरेपर्यंत भिकाजी आंब्याखाली पाय पसरून निवांत विडी ओढायचा.