किलव्हाराची सहा मैलांची वाट

किलव्हाराला गाडीरस्ता कधीच नव्हता. आमच्या पुलापासून डोंगर चढायचा आणि पलीकडे समुद्राकडे उतरायचं, सहा मैल. तिथे आता छप्पर नसलेली अकरा घरं, एक पडकं चर्च आणि त्यामागचं कबरस्तान एवढंच उरलं आहे. उन्हाळ्यात माणसं पाठीवर पिशव्या लावून ते बघायला येतात. त्यांना तिकडे घेऊन जायची ती एफी गिलँडर्स.

एफी त्याच गावात जन्मली. शेवटची चार कुटुंबं डोंगर ओलांडून इकडे रस्त्याकाठी आली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तिच्या आईने चुलीतले निखारे लोखंडी भांड्यातून आणले आणि नव्या घरात त्याच निखाऱ्यांवर पहिला चहा केला, हे तिने मला किती वेळा सांगितलं असेल! पाहुण्यांना मात्र ती फारसं काही सांगायची नाही. कोणी विचारलं, "हे घर कोणाचं?" तर म्हणायची, "आमचं. बूट पुसून आत या." आत गवत आणि मेंढ्यांच्या लेंड्या. पण लोक खरंच बूट पुसायचे.

तिचा भाऊ लॅकी तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. दोघांनीही लग्न केलं नाही. एकाच घरात अडुसष्ट वर्षं भांडत राहिले. चहा कडक झाला म्हणून, पातळ झाला म्हणून. लॅकीची इच्छा एकच होती: मेल्यावर आईशेजारी, किलव्हाराला. आणि खांद्यावरून. एफीने त्याला तसा शब्द दिला होता.

खांद्यावरून नेण्याचा आमचा नियम साधा आहे. आठ जण शवपेटी उचलतात, आठ मागे मोकळे चालतात. दर शंभर पावलांना पुढची जोडी बाहेर पडते, मागची नवी जोडी आत येते. विसाव्याच्या जागी दगडांचे ढीग आहेत. बायका पुलापर्यंत येतात आणि थांबतात. कबरस्तानात बाई जात नाही, प्रेताला खांदा तर देतच नाही. हे लिहिलेलं कुठे नाही, पण एफीला विचारा; पाहुण्यांना नेतानाही ती कबरस्तानाबाहेरच थांबायची.

फेब्रुवारीत लॅकी गेला. ज्यांच्या पायांवर भरवसा ठेवता येईल असे गावात दहा पुरुष निघाले. त्यांतला एक माझा मुलगा रुअरी. दोन वर्षांपूर्वी त्याच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं.

मी एफीला म्हटलं, "जागीरदारांच्या माणसांकडे ती चिखलातून चालणारी गाडी आहे ना, ती मागू या."

"हरणं मारून आणतात त्या गाडीत? लॅकीला?"

"धुऊन देतील."

"तूही शिकलेली आहेस म्हणतात," ती म्हणाली आणि पाठ फिरवून स्कोनच्या छोट्या पावांना लोणी लावू लागली.

सकाळी दहाला निघाले. पाद्री बीटन पुढे. पुलावर आम्ही नऊ बायका उभ्या. शेवटचा माणूस वळणाआड जाईपर्यंत एफी कठड्याला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "टॉर्मड डाव्या बाजूला नको होता. त्याचा डावा खांदा उतरता आहे. लॅकी कुरकुरत असेल आत."

आम्ही हसलो. तीसुद्धा हसली.

एक वाजता रुअरी एकटाच परत येताना दिसला. एक हात पाठीवर.

"दुसऱ्या ढिगापाशी थांबलोय," तो म्हणाला. "टॉर्मडचा पाय दलदलीत गेला, गुडघा फिरलाय, त्याला धरायला दोघं लागतायत. बीटनसाहेबांना दम लागतोय. उचलायला सात जण आहेत, त्यातला मी एक. अजून साडेतीन मैल. पाचला अंधार पडेल."

मग कर्स्टी पुढे झाली. पस्तिशीची, तीनशे मेंढ्या एकटी सांभाळते, मेंढा खांद्यावर टाकून कुंपण ओलांडते.

"एफी, ऐका. मी आहे, मोरॅग आहे, पोस्टवाली शीना आहे. बूट घालूनच आलोय आम्ही. चला म्हणा फक्त."

"नाही."

"अहो, लॅकीला काय कळणार आहे?"

"मला कळेल ना, पोरी. माझ्या आईला नेलं तेव्हा मी पुलावर उभी राहिले. बापाला नेलं तेव्हाही. मला जावंसं वाटलं नसेल? आणि आता बायकांनी उचलायचं?"

"मग त्याला तिथेच ठेवायचा का वाऱ्यात?" कर्स्टीचा आवाज चढला. "तुमचा नियम सांभाळायला माणसं कुठेत?"

एफीने माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेली. मी बोलले असते तर कदाचित तिने ऐकलं असतं. पण रुअरीचा हात अजून पाठीवर होता आणि माझ्या डोक्यात एकच होतं, त्याने परत वर जाऊन उचलू नये. बायका गेल्या तरी तो गेलाच असता. मी गप्प राहिले.

"खाली आणा," एफी म्हणाली.

खाली आणायला ती हरणांची गाडीच मागवावी लागली.

दुसऱ्या दिवशी लॅकीला रस्त्याकाठच्या नव्या कबरस्तानात पुरलं. बायका आत गेल्या नाहीत. पण कबर कुंपणापासून दहाच पावलांवर होती, त्यामुळे बाहेरून सगळं दिसत होतं. एकोणऐंशी वर्षांत एफीने माणूस पुरताना पहिल्यांदाच पाहिलं. दोऱ्यांनी पेटी खड्ड्यात उतरू लागली तेव्हा तिने कुंपणाची तार घट्ट धरली.

"एवढं लवकर होतं होय?" ती मला म्हणाली.

त्यानंतर ती डोंगरावर गेली नाही. उन्हाळ्यात लोक येऊन दार वाजवायचे. ती बोटाने दाखवायची, "पुलावरून वर. वाट दिसते." कर्स्टीने एकदा हौसेने विचारलं, "मी नेऊ का हो यांना?" एफी म्हणाली, "ने." त्यापुढे काही नाही. ती घरं कोणाची होती हे कर्स्टीला ठाऊक नाही, आणि एफीने सांगितलं नाही.

परवा मी तिला सूप द्यायला गेले. तिने बीटनसाहेबांना सांगून ठेवलंय, मलाही लॅकीच्या शेजारीच पुरा. आईवडील डोंगरापलीकडे, ही दोघं इकडे.

"रस्त्यावरून उचलून न्यायला चौघं पुरे होतात गं," ती म्हणाली. "तेवढे तरी राहतील ना गावात?"

रुअरीला अ‍ॅबरडीनला नोकरी लागली आहे. महिन्याअखेरीस तो जाईल. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

"राहतील की," मी म्हटलं, आणि सूप गरम करायला ठेवलं.