धुऱ्यावरची उटकटारी

वलगावहून आमची रेंगी (छोटी बैलगाडी) निघाली तेव्हा रानात दव होतं. अकोल्याला धाकट्या बहिणीचे दिवस भरत आले होते. तिची आधीची दोन्ही बाळंतपणं अडली होती, म्हणून जाताना उटकटारीचं मूळ न्यायचं होतं. ही काटेरी वनस्पती रानटीच. पण आई तिचं बी धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) मुद्दाम टाकायची. कोवळ्या देठांची भाजी व्हायची, अडलेल्या बाईच्या पोटाला मुळाचा लेप. आईने दिलेलं बी मी आमच्याही धुऱ्यावर लावलं होतं. यंदा कापसाला भाव आला आणि धुरा मोडा, असं मीच म्हणाले. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) दोन ओळी वाढल्या.

रस्ताभर कापसाच्या गाड्या. बाभळींच्या काट्यांनाही कापूस अडकलेला. रेंगी हाकणाऱ्या माझ्या दिरांनी, भावजींनी, गावोगाव विचारलं.

"उटकटारी? अन् पऱ्हाटी कुठं लावू, डोक्शावर?" एकजण हसला.

मूर्तिजापूरच्या अलीकडे एका माळणीच्या मळ्यात एकच झाड सापडलं.

"सुनेसाठी राखलं, बाई. तिले अजून दोन मयने हायेत. तुमच्या वावरात असंन ना?"

"हाये," मी म्हणाले. खरं सांगायला जीभ वळेना.

"मंग हे न्या. तुमच्याकडचं एक मूळ मले धाडजा."

मुक्कामाला तिच्याकडेच थांबलो. संध्याकाळी तिने झाडाला हळद-तांदूळ वाहून, सकाळी न्यायला येतो असं आवतण दिलं. त्याचेच देठ सोलून भाजी केली. किंचित कडसर, आईच्या हातच्यासारखी. सकाळी लाकडी खुंटीनेच मूळ उकरलं, कारण त्याला लोखंड लावत नाहीत.

अकोल्यात पोचल्यावर तिसऱ्या दिवशी बहिणीला कळा लागल्या. मूळ उगाळून लेप लावला. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. बहीण माझा हात धरून रडली. मला तिच्याकडे बघवेना.

परतताना माळीण विहिरीवर होती. "काय झालं वं?"

"पोरगी. दोघी बऱ्या हायेत."

"पाह्य, मुळाचा गुन आला ना? आता माह्या सुनेचं ध्यानात ठेवजा!"

मी मान हलवली. भावजी बैल सोडायला उतरत होते, मी म्हणाले, "उशीर होतो, चला."

घरी आल्यावर हातपाय न धुताच मी वावरात गेले. जुन्या धुऱ्याच्या जागी कापूस पांढराशुभ्र फुटला होता. वाकून, माती चाचपत मी टोकापर्यंत गेले. हाताला एकही काटा लागला नाही.