उखा ढालकरी

धर्मेंद्रला साऱ्या जगात एकाच माणसाचा शब्द पटायचा, आणि तो माणूस म्हणजे त्याची बायको वर्षा. फक्त हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि वर्षाला सांगायची सोय नव्हती.

सुरतेच्या नवागामात एका खोलीत हे जोडपं आणि सासू उषाबाई राहत. धर्मेंद्र कापडाच्या मागाच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, दिवसपाळीला. तिथल्या खडखडाटात उमर काढलेली माणसं घरीही ओरडूनच बोलतात, तसा तोही ओरडे. पण बायकोशी बोलणं भाजीत मीठ कमी आहे इथपर्यंतच. बाकी सगळा जीव मोबाईलमधल्या एका खेळात. त्यात राक्षस, किल्ले, मंतरलेल्या तलवारी. खात्यातले खानदेशी गडी जेवणाच्या सुट्टीत डबे बाजूला सारून त्या लढाईत उतरत आणि रोज सपाटून मार खाऊन परत मागावर जात.

"टोळीमां समदा तिरंदाज नि जादूगार," धर्मेंद्र घास चावता चावता आईला सांगे. त्या बिचारीला त्यातलं ओ की ठो कळत नसे. "ढालकरी कोनीच नही. सर्वास्मां ताकदवान तोच, पन मार खावाले पुढे कोन उभा राही?"

वर्षा पोळ्या लाटता लाटता ऐके. नवरा रोज जातो तरी कुठं, हे बघावं म्हणून एका दुपारी सासू झोपल्यावर तिनं त्याच्याच जुन्या, काचेला तडा गेलेल्या मोबाईलवर तो खेळ उघडला. पहिल्याच पानावर विचारलं होतं, तुम्ही कोण होणार? वैद्य, तिरंदाज, जादूगार, तलवारबाज की ढालकरी? खाली ताकीद होती की एकदा निवडलं की बदलता येणार नाही.

तिचं बोट आधी वैद्यावर गेलं. बाईमाणसानं दुसऱ्यांच्या जखमा बांधाव्यात, दुसरं काय? मग तिला स्वतःचाच राग आला. नवरा बापानं निवडला, पीटीसीला, म्हणजे शिक्षिकेच्या कोर्सला, मामानं घातलं, लग्नातली साडीसुद्धा आत्यानं पसंत केली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला विचारत होतं, तर इथंही मागेच उभं राहायचं? तिनं ढालकरी निवडला आणि त्याला आपल्या आईच्या बापाचं नाव दिलं, उखा. मग तिनं नवऱ्याची टोळी शोधून काढली, आणि खानदेशी नाव बघून टोळीनं उखाला लगेच आत घेतलं.

उखा आला आणि टोळी जिंकू लागली. मार खायचा आणि जागा सोडायची नाही, एवढंच तर काम होतं. सासरी नांदणाऱ्या बाईला ते वेगळं शिकवावं लागत नाही.

अडचण एकच झाली. टोळीत सगळे एकमेकांना भाऊ म्हणत, अरे-तुरे करत. वर्षा इतरांना बिनदिक्कत भाऊ लिही. पण सख्ख्या नवऱ्याला भाऊ कसं म्हणायचं? बोटच वळेना. अरे-तुरे तर दूरच. मग तिनं सवयीनं लिहिलं, "तुम्ही माझ्या मागे राहा." धर्मेंद्र ते वाचून विरघळलाच. खात्यात मुकादमापासून चहावाल्यापर्यंत कुणी त्याला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. "हाऊ माणूस म्हंजे माणूस शे!" तो घरी येऊन सांगे. "इतला ताकदवान, पन बोलनामां कितली अदब!" वर्षा मान खाली घालून पोळी वाढे. हीच अदब ती त्याला लग्नापासून रोज वाढत होती, तिची चव मात्र त्याला कधी लागली नव्हती.

त्याच दिवसांत चलथाणच्या एका शाळेत वर्षाला नोकरी मिळत होती. तिनं परोपरीनं सांगून पाहिलं. धर्मेंद्रचं एकच, मायले चालत नही. वर्षा आतल्या आत झुरत राहिली. आणि एका दुपारी लढाईच्या ऐन मध्यात उखाला निरोप आला.

"उखाभाऊ, एक सांगू? बायकोले शाळामां नोकरी मिळी राहिनी. मी नही म्हनी दिधं. मायनं नाव पुढे करं, पन मायनी काही हरकत नही. मालेच भीती वाटस. ती शिकेल, मी मागवाला. भायेर पडनी तर मन्हाकडे देखी का? तू सांग, काय करू?"

वर्षानं निरोप पुन्हा एकदा वाचला. संताप आला, आणि संतापाच्या पोटात त्याची कीवही आली. हा माणूस हे कधी तिच्यापाशी बोलला असता तर तिनं त्याला पोटाशी धरलं असतं. तिनं लिहिलं, "तुम्ही जाऊ द्या तिला. ती तुमचं नाव काढील." लिहून होईपर्यंत राक्षसानं उखाला अर्धमेला करून टाकलं होतं.

संध्याकाळी धर्मेंद्रनं चपला काढता काढताच ऐलान केलं. "जाय तू शाळामां. मन्हा एक दोस्तनी सांगं."

"मी बी इतला दिन तेच सांगत व्हतू ना?"

"हा, पन त्यानी सांगं ना," तो म्हणाला. त्यात त्याला काहीच वावगं वाटलं नाही.

उषाबाई खूश झाल्या. "कोन शे रे हाऊ उखा? त्याले आखाजीना सनले बलाव. खापरनी पोळी खावाडसूत." पोळी करणार अर्थात वर्षाच होती.

खरं सांगावं असं तिच्या ओठांवर कितीदा तरी आलं. पण सांगितलं तर खात्यात धर्मेंद्रची शोभा होणार, सारी टोळी बायकोच्या ढालीआड लपत होती म्हणून. आणि मग कुठली शाळा नि कुठलं काय! तिनं उखाला गुपचूप गायब करून पाहिलं. टोळी हरली. धर्मेंद्र तोंड पाडून घरी आला, अर्ध्या ताटावरून उठला आणि म्हणाला, "उखाना पत्ता नही. शाळानं आते ऱ्हाऊ दे, तो भेटनावर देखू." दुसऱ्या दुपारी उखा निमूटपणे ढाल घेऊन हजर झाला.

शेवटी वर्षा शाळेत रुजू झाली. चलथाणला बसमधून उतरली तेव्हा ऊर भरून आला होता तिचा. मुलांनी "टीचर, टीचर" म्हणून गलका केला. मधल्या सुट्टीत ती फाटकापाशी जाऊन उभी राहिली आणि पर्समधला जुना मोबाईल थरथरला.

"उखाभाऊ, तुन्ही वहिनी गई आज शाळामां. आते सांग, तिले घर कितला वाजता येवाले सांगू?"

तिनं लिहिलं, "तिलाच विचारा."

उत्तर लगेच आलं. "तिले काय समजस भाऊ. तू सांग."

घंटा झाली, मुलं वर्गात पळाली, आणि वर्षा फाटकापाशीच उभी राहून विचार करत राहिली, की उखानं तिला किती वाजेपर्यंत मोकळं सोडावं.