पिसाऱ्यावरचं नाव

राळेगावच्या स्टँडजवळचा मोबाइलवाला बोलताना कुणाकडे पाहत नाही, शर्टाच्या बाहीने काउंटरची काच पुसत राहतो. मी मोबाइलवर बोटाने रांगोळ्या काढते. कुणीतरी माझ्या मोराच्या रांगोळीच्या कोपऱ्यातलं माझं नाव कापून तो मोर स्वतःचा म्हणून ग्रुपवर टाकला, म्हणून त्याच्याकडे गेले.

"ताई, कोपरा कापाले सोपा असते. नाव मधात टाकू."

"गावाचं टाका. मधोमध माझं नको."

त्याने पहिल्यांदाच वर पाहिलं. "मोर गावानं काढला काय?"

पिसाऱ्यावर त्याने माझं नाव फिकट, आडवं लिहिलं. तेव्हापासून फोन वाजला की वाटतं, कुणीतरी माझं नाव वाचलं.

काल काच पुसता पुसता म्हणाला, "ताई, तुमचा मोर आमच्या घरच्या ग्रुपवर आलता. नावासकट."

मी पदर सावरत भराभर निघाले. वळणावर थांबून मात्र मोबाइलवर ते नाव पुन्हा वाचलं.