गाडीखालचं दूध

डिंगोऱ्याच्या शाळेतून मी सुट्टीला जुन्नरला जायचो, ते नेहमी एकाच गाडीवानाच्या बैलगाडीतून. गाडीखाली सावलीत, ओलं गोणपाट गुंडाळलेलं पाण्याचं मडकं टांगलेलं असायचं. अर्ध्या-अर्ध्या कोसाला तो त्याला उलटा हात लावून बघायचा आणि म्हणायचा, "बघा मास्तर, घरच्या रांजणातबी असं गार न्हाई!"

चैत्रातल्या एका दुपारी गाडीत एक बाई बसली. तिची बहीण बाळंतपणात गेली होती आणि त्या बहिणीचं तान्हं लेकरू ती आजोळी न्यायला निघाली होती. सोबत शेळीच्या दुधाचा तांब्या.

"पोचेस्तोवर नासलं तर काय पाजू, दादा?"

"माज्या गाडीत दूध नासत न्हाई," तो म्हणाला. प्यायचं पाणी त्यानं कळशीत काढलं आणि दुधाचा तांब्या मडक्यात ठेवला.

वाटेतला ओढा आटलेला निघाला. गोणपाट तर सारखं वाळत होतं, कळशीतलंच पाणी त्यावर शिंपडावं लागत होतं. बाईनं आणि मी घोट-घोट घेतल्यावर कळशीत थोडंच पाणी उरलं. ते मी त्याच्यापुढं धरलं. सकाळपासून तो बैलांबरोबर पायी चालत होता, ओठ पार सुकले होते.

"आदी दूध," म्हणत त्यानं सगळं पाणी गोणपाटावर ओतलं.

जुन्नरला बाईनं दूध चाखलं. "लई ग्वाड हाय," म्हणाली आणि बोंडल्यानं लेकराला पाजू लागली.

गाडीवानाला काहीतरी बोलायचं होतं, पण कोरड्या घशातून आवाज फुटेना. नुसती मान ताठ करून तो बैलांना विहिरीकडं घेऊन गेला. त्या गाडीतून आपण आलो, याचाच मला अभिमान वाटत राहिला.