पाणकरबाबाची पाळ

प्रिय अन्वी आणि रोहन,

मागच्या आठवड्यात अन्वीनं फोनवर विचारलं, "आजी, पूर, दुष्काळ, रोगराई सारखी येतच राहणार असेल, तर देशानं विकास करायचा तरी कसा?" मी म्हटलं, लिहून कळवते. याचं उत्तर मला फार वर्षांपूर्वी एका माणसानं दिलं होतं, आणि वेळ आली तेव्हा मी त्याच्या बाजूनं बोलले नव्हते. तेही तुम्हाला कळायला हवं.

आम्ही त्याला पाणकरबाबा म्हणायचो. भंडारा जिल्ह्यात लाखांदूरकडच्या एका गावी मी हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवत होते. तिथल्या तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी सोडायचं, हे तो ठरवी. गावात चपला घालून फिरे, पण तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, चढताना त्या काढून हातात घेई. "चपलेले ओल समजत नाई, बाई," म्हणे. तळपायाला भुसभुशीत लागलं की खाली बसून खेकड्याचं बीळ शोधी आणि माती ठासून बुजवी.

पूर्वी दर उन्हाळ्यात घरटी एक माणूस गाळ काढायला आणि पाळीवर माती टाकायला येई. तलाव सरकारजमा झाला आणि लोकांनी हात झटकले. "सरकारचा तलाव हाये, सरकार खंदन." बाबा मात्र एकटाच टोपली घेऊन जाई. कोणी हसलं की म्हणे, "सरकार भंडाऱ्याले राह्यते. पाळीखाली तं तूच झोपतेस ना बावा?"

पाळ मध्यभागी खचत होती. माझं अक्षर चांगलं, म्हणून अर्ज मी लिहिले. दोन अर्जांनंतर कचेरीतून उत्तर आलं: तलाव फुटल्यास तातडीने कळवावे. मी वाचून दाखवलं, तेव्हा तो खो-खो हसला. "म्हंजे आंधी बुडा, मंग अर्ज करा!" हसू ओसरल्यावर टोपली उचलून पाळीकडे गेला.

त्या वर्षी भादव्यात तीन दिवस पाऊस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तो मला पाळीच्या पायथ्याशी घेऊन गेला. तिथून पाणी झिरपत होतं. त्यानं ते ओंजळीत घेऊन दाखवलं. गढूळ होतं. "साफ आलं तं पाळीले घाम आला समजा. गढूळ आलं, म्हंजे आतली माती चालली." आणि त्यानं तलावाचं दार उघडलं.

लोक धावून आले. उशिरा पिकणारं भारी धान अजून निसवायचं, लोंबीवर यायचं होतं, त्याला शेवटचं पाणी तलावाचंच लागणार होतं. "पागल झाला काय, बाबा? हस्ताचं पानी नाई आलं तं?"

"धान गेलं तं पुढच्या साली पेरता येते. पाळ गेली तं पेरनारा कोन राह्यते?"

तो दार अडवून उभा राहिला, कोणाला बंद करू दिलं नाही. पाऊस चौथ्या दिवशी थांबला, तोवर तलावातलं निम्मं पाणी वाहून गेलं होतं.

मग हस्त कोरडा गेला. शेवटच्या बांध्यांमधलं धान दाणा न भरताच वाळलं. एका बाईनं पोचट लोंब्यांचा भारा त्याच्या दारात टाकला. "घे, शिजव तुही पाळ!" त्यानं लोंब्या गोळा करून बैलापुढे टाकल्या.

चावडीवर सभा भरली. त्याला काढायचं की ठेवायचं, हा प्रश्न होता. सरपंचांनी मला विचारलं, "बाई, तुमी शिकलेल्या. तुमी तं पायलं. पाळ खरंच फुटत होती काय?" ज्यांची शेतं वाळली, त्यांचीच मुलं माझ्या वर्गात होती. मी म्हणाले, "मला त्यातलं कळत नाही." गढूळ पाणी मी पाहिलं होतं. एवढंच सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

पाण्याचं काम दुसऱ्याकडे गेलं. बाबा मुलीकडे मोहाडीला निघाला. एस.टी.पाशी मी माफी मागितली, तर म्हणाला, "तुमी काहून रडता, बाई? न झालेला पूर कोनाले दाखवाव?"

उन्हाळ्यात नव्या पाणकरानं पाळीचा तो झिरपणारा भाग उकरला. आत माणूस बसेल एवढी पोकळी निघाली. गाव सगळं पाहून गेलं. कोणी कोणाकडे बघेना. दुसऱ्या दिवशी न सांगता घरटी एक माणूस माती घेऊन आला. दोघं जण बाबाला आणायला मोहाडीला गेले. त्यानं सगळं ऐकलं, चहा पाजला, आणि एवढंच विचारलं, "माती चोपून भरली ना? का नुसती टाकली?" तो परत आला नाही. दोन वर्षांनी तिकडेच वारला.

अन्वी, त्यानं वाचवलेलं दिसत नाही, गमावलेलं मात्र साऱ्या गावाला दिसलं. येणाऱ्या संकटाची आधी तयारी करणाऱ्याच्या वाट्याला बहुधा हेच येतं. म्हणून त्याच्या बाजूनं बोलणारं कोणीतरी लागतं. मी बोलले नाही.

पाळ अजून उभी आहे. तिच्याखाली आता शाळा आहे, आणि वस्ती पूर्वीपेक्षा मोठी झाली आहे.